बोट लावू नका

बोट लावू नका. एवढंच म्हणत होते हो मी… दुसरं काही मागितलं होतं का कुणाला? पाहा, डोळे भरून पाहा, चहूबाजूंनी फिरून पाहा, खुर्ची आणून देते, बसून पाहा, चहा सांगते… फक्त बोट लावू नका. पण तुम्हाला सांगते, आमच्या मेडशीत ओला रंग दिसला आणि माणूस नुसता बघून पुढे गेला, असं आजवर झालेलं नाही. माणूस येतो, थांबतो, मान तिरपी करतो, "वाळला का?" म्हणून विचारतो, आणि मी "नाही" म्हणेपर्यंत तोच प्रश्न स्वतःच्या बोटाला विचारून मोकळा होतो. मग ते बोट उन्हात धरून नीट बघतो आणि मलाच सांगतो, "ओला हाये अजून."

मी मंजुषा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या जगदेवची पोरगी, ती तिकडे लांब शिकायला गेलेली, तीच. कोइमतूरला शिकले, मग चेन्नईजवळ मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात लागले. तिथली रंगाची खोली म्हणजे तुम्हाला सांगते, देवघराहून सोवळी! पांढरा झगा, डोक्याला टोपी, पायात वेगळे बूट, आणि आत जाण्याआधी वाऱ्याची आंघोळ… हो, वाऱ्याची, चारी बाजूंनी फुंकर मारून अंगावरची धूळ काढतात. आतल्या गाडीकडे कुणी लांबून बोट दाखवलं तरी लोक दचकायचे. आणि त्या खोलीतून गाडी बाहेर यायची तेव्हा अशी गुळगुळीत, की वाटावं, रंग लावलेलाच नाही, ती जन्मलीच तशी.

मग परत कशाला आलीस, असं तुम्हीही विचारणार. सगळ्यांनी विचारलं. तर ऐका. आमच्या घराच्या फाटकावर एक मुंगळा आहे. मी सातवीत असताना बाबांनी फाटक रंगवलं, डब्यातला रंग ब्रशनं सपासप फासला, तेव्हा तो बिचारा मधे आला. तो अजून तिथेच आहे. हिरवा. त्याच्या शेजारी ब्रशचे तीन-चार केस आहेत, खाली ओघळ आहेत, ओघळाच्या टोकाला थेंब आहे. दर सुट्टीत घरी आले की कडी काढताना हाताला तो मुंगळा लागायचा, आणि मनात यायचं… शहरात हाताला लागेल ते गुळगुळीत आणि गावात हाताला लागेल ते खरखरीत, हे ठरवलं कुणी? आमच्या ट्रॉलीनं, आमच्या आलमारीनं, आमच्या थ्रेशरनं काय पाप केलंय? जो माणूस आयुष्यभर ट्रॅक्टरच्या जिवावर जगतो, त्यानं त्या ट्रॅक्टरवरून एकदा हात फिरवला तर त्याच्या हाताला बरं वाटू नये? बस. ठरलं. राजीनामा दिला, रंगाची बंदूक घेतली, आले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मला हवं होतं आमचं घराशेजारचं टिनाचं शेड. रंग फवारायला बंद जागा लागते हो, उघड्यावर वारा रंग पळवतो आणि बदल्यात कचरा आणून देतो. पण ते शेड बाबांनी हंगामात सोयाबीनची पोती ठेवायला एका व्यापाऱ्याला कबूल केलेलं. तिकडे कंपनीचाही फोन आलेला, की महिनाअखेरपर्यंत तुझी जागा राखून ठेवतो, ये परत. आई म्हणाली, पोरगी इथंच राहू दे. बाबा म्हणाले, रंगाले इंजिनेर कायले लागते, वस्तू लाल झाली म्हणजे झालं. मी म्हटलं, लाल होणं वेगळं आणि गुळगुळीत होणं वेगळं. मग बाबांनी मिशीवरून हात फिरवला. आमच्या बाबांची मिशी म्हणजे… मेडशीत पत्ता सांगायला उपयोगी पडते एवढी.

"हे पाय मंजे," ते म्हणाले. "पोळ्याले आपला टॅक्टर तोरणाखाली उभा राहीन. त्याच्या बोनटात माही मिशी दिसली पायजे. सारी. एकेक केस. दिसली त शेड तुहं. नाई दिसली त बॅग भर अन् वाशीमले जाऊन गाडीत बस."

ऐकलंत? माझं सगळं पुढचं आयुष्य, माझं गाव, माझं शेड, माझा धंदा… एका मिशीवर. मी म्हटलं कबूल. शेड सरावापुरतं वापरायला मिळालं, निकाल पोळ्याला.

आता तुम्हाला वाटेल, फवारायचं त्यात काय, बंदूक धरली, चाप ओढला, झालं. छे हो. बंदूक वस्तूपासून वीतभर लांब धरायची, जवळ गेलात की ओघळ, लांब गेलात की रंग हवेतच वाळून वाळूसारखा बसतो. हात सरळ रेषेत चालवायचा, झाडूसारखा गोल फिरवायचा नाही. थांबायचं तर मुळीच नाही, जिथे हात थांबला तिथे रंग वाहिला. पहिला थर पातळ, दुसरा पातळ, तिसराही पातळच, आणि मधे धीर. रंग काय करेल ते त्याला करू द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं… बोट लावू नका.

सरावासाठी मी घरची आलमारी घेतली. पहिला थर दिला, मागे वळून बंदूक धुतली, पुढे वळले तर दारावर बोट. मनकर्णाकाकू. आमच्या शेजारच्या. त्यांचं घर आणि आमचं शेड यांच्यात एक भिंत आणि एक खिडकी, त्यात खिडकी उघडी. मी म्हटलं, काकू, ओला आहे ना. तर म्हणतात, "मी कुठी लावलं वो माय, मी त टेकवलं." घासून पुन्हा रंग दिला. दुपारी कुरिअरवाला आला, सही घेतली आणि बोट लावून गेला. संध्याकाळी आईचा मावसभाऊ आला, रामराम केला आणि पूर्ण पंजा लावला… म्हणे गरम लागते का पाहून राह्यलो होतो. मग मी पाटी लिहिली. मोठ्या अक्षरात, रंग ओला आहे, बोट लावू नका. ती चूकच झाली. त्याआधी फक्त शेडमध्ये येणारे बोट लावायचे, आता रस्त्यावरून जाणारेही पाटी वाचून आत यायला लागले, पाटीवर लिहिलंय ते खरं आहे का याची खात्री करायला! तुम्हाला सांगते, आधार कार्ड काढताना घेतात ना ठसे, ते परवडले. आमच्या आलमारीवर अर्ध्या गावाची नोंद होती.

बरं, बोटं सुटली तरी बाकीचं सुटतंय का? हवेचा कॉम्प्रेसर मी आणला होता पंक्चरवाल्या विनोदकडून, भाड्यानं. विनोद माणूस चांगला, वर्गातला माझ्या, पण त्याचा कॉम्प्रेसर ट्यूबमध्ये हवा भरण्यासाठी जन्मलेला. ट्यूबला काय फरक पडतो हवेत पाणी आहे की तेल आहे? रंगाला पडतो. मी नळीला पाणी अडवणारी वाटी बसवली, तेव्हा कुठे हवा कोरडी झाली. मग आलमारीवर रंग आला तर अंगभर बारीक खळगे, संत्र्याच्या सालीसारखे. रंग घट्ट होता, पातळ करायला हवा होता. मी कपाळाला हात लावून बसलेली आणि बाबा येऊन बघतात, समाधानानं मान हलवतात आणि म्हणतात, संत्र्यासारखं आलं ना, मंग चांगलंच आलं. संत्र्याच्या मुलखात राहून संत्र्याला वाईट कसं म्हणायचं, त्यांना ते जमेच ना.

पण शिकत गेले. आलमारीचं दुसरं दार बरं आलं. आजीच्या वेळची लोखंडी पेटी तर अशी आली, की आई तिच्यात पाहून टिकली नीट करायला लागली. मला वाटलं, जमलं. आता ट्रॅक्टर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बोनट उतरवलं, जुना रंग खरवडला, खड्डे भरले, पाणी टाकून पॉलिशपेपरनं घासलं, प्रायमर दिला, तो वाळला, तो घासला. हात फिरवावा तर काचेवरून फिरल्यासारखा. पत्र्याला पत्रा असल्याचा विसर पडला होता. सकाळी रंग देणार, संध्याकाळी तोरणाखाली. मी बोनटवर धुतलेली चादर टाकली, आईला बजावलं, काकूंना खिडकीतून बजावलं, पाहिजे तर शेडला नमस्कार करा पण बोट लावू नका, आणि झोपायला गेले.

सकाळी पहिला थर दिला… आणि रंग पळाला. हो, पळाला! पत्र्यावर बसायला तयारच नाही. मी फवारतेय आणि तो आकसून बाजूला होतोय, जागोजागी गोल गोल खळगे, तळाशी उघडा प्रायमर. पाहता पाहता सगळ्या बोनटला देवी आल्यासारखं झालं. तेल! हे तेलाचं काम, मला कळत होतं. रंगाखाली कुठे तेलाचा अंश असला की रंग तिथे टिकत नाही. आणि तेल कुठून येणार? विनोदच्या कॉम्प्रेसरमधून. दुसरं कोण? मी फोन लावला आणि… जाऊ द्या, काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. कोइमतूरला शिकलेली मी, पण राग आला की तोंडातून मेडशीच निघते. विनोद पंक्चर सोडून धावत आला, हवेच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच. तेलाचा ठिपका नाही. त्यानं तो रुमाल घडी करून खिशात ठेवला, माझ्याकडे असं पाहिलं आणि राहिलेलं पंक्चर काढायला परत गेला.

मग तेल आलं कुठून?

तेवढ्यात बाबा आले. बोनटकडे पाहिलं, आणि अगदी काळजीनं विचारतात, "लोण्यानं झालं का वो हे?"

लोणी! मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. तुम्हाला माहीत आहे, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदं शेकतात. वर्षभर जू वाहून वाहून खांदे दुखलेले असतात, म्हणून लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. आमचे बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण बाबांनी शेकणं सोडलं नाही. दर पोळ्याला ट्रॅक्टरचं खांद शेकतात. मी इतकी वर्षं बाहेर, मला कुठलं माहीत? मी झोपले आणि हे गेले शेडमध्ये, चादर काढली, घरचं ताजं लोणी घेतलं आणि बोनटभर चोळलं. दोन्ही हातांनी.

"हळद नाई लावली," ते म्हणाले. "म्हटलं तुहं काम पिवळं होईन. अन् मंग धोतरानं चांगलं पुसून घेतलं. बोट नाई लावलं कुठी."

बोट नाही लावलं. मान्य. तळहात लावला. आता सांगा, यांच्यावर चिडायचं कसं? ते माझ्या कामाची काळजी घेत होते हो, हळद टाळली त्यांनी! आणि विचारलं तर सरळ सांगतात, वर्षभर ओझं त्यानंच वाहिलं, मंग त्याचं खांद कोन शेकीन? मला रडूही येईना आणि हसूही. घरात पुरणाचा वास सुटलेला, संध्याकाळी तोरण, आणि माझं बोनट लोणी खाऊन बसलेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच माझी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली. मदतीच्या भावनेनं.

ती बॅग पाहिली ना, आणि अंगात काही संचारलं. मी म्हटलं, नाही. मी लोण्याला हरणार नाही. ओला रंग थिनरनं पुसून काढला. भांड्याच्या पावडरनं बोनट धुतलं, गरम पाण्यानं धुतलं, पुन्हा थिनर, दर वेळी नवं फडकं, कारण जुनं फडकं तेल पुसत नाही, पसरवतं. पुन्हा घासलं. पुन्हा प्रायमर. मग पत्र्यावर पाणी शिंपडून पाहिलं, पाणी एकसारखं पसरलं, कुठेही थेंब गोळा झाला नाही. लोणी गेलं!

आणि मान वर केली तर… शांतता. तुम्हाला सांगते, मी ती शांतता आयुष्यात विसरणार नाही. गल्लीत माणूस नाही. सगळे पुरुष, सगळी पोरं बैल घेऊन तलावावर धुवायला गेलेली. सगळ्या बाया चुलीशी, हात पुरणात. मनकर्णाकाकूंच्या खिडकीत पहिल्यांदा मनकर्णाकाकू नव्हत्या. रात्री पाऊस पडून गेल्यानं रस्त्यावर धुळीचा कण उडत नव्हता, आणि वर लख्ख ऊन. सबंध वर्षात मेडशीत रंग द्यायला योग्य अशी एकच वेळ असते, ती ही, आणि ती बैलांनी मला मिळवून दिली.

शेडभोवती आईची जुनी लुगडी ओली करून टांगली, खाली सडा टाकला, ओढणी तोंडाला बांधली आणि चाप ओढला. काय सांगू! वीतभर अंतर, हात सरळ, चाप पत्र्याच्या आधी सुरू आणि पत्र्यानंतर बंद, एक पट्टा, त्याच्यावर अर्धा चढवून दुसरा, त्याच्यावर तिसरा… रंग बसत होता. लोळत नव्हता, पळत नव्हता, बसत होता, जसा पाहुणा ओळखीच्या घरात बसतो. पहिला थर. धीर. दुसरा. धीर. तिसरा दिला आणि बंदूक खाली ठेवली तेव्हा ते बोनट ओलं लाल, असं चमकत होतं की टिनाच्या पत्र्यातला प्रत्येक खिळा त्यात दिसत होता.

आणि मग तुम्हाला सांगते… माझं बोट. हो, माझंच! वर यायला लागलं. शपथेवर सांगते, मी उचललं नाही. एवढंसं कोपऱ्यात टेकवून बघावं, वाळला का… मी ते बोट दुसऱ्या हातानं धरलं, हात पाठीमागे नेला, आणि तशीच शेडबाहेर येऊन त्या हातावर बसले. तेव्हा मला गावातल्या सगळ्या माणसांची दया आली. माणूस वाईट नसतो हो. बोट वाईट असतं.

बाबा बैलवाल्यांसोबत परत आले, थेट शेडमध्ये. मी ओरडणार तेवढ्यात पाहिलं, त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. बोनटसमोर उभे राहिले. वाकले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. टोपी सरळ केली. माझा जीव नुसता टांगलेला, आई दारात पुरणाच्या हातानं उभी. शेवटी त्यांनी मिशीचं एक टोक धरलं, पीळ दिला, आणि बोनटमधल्या माणसाकडे पाहून म्हणाले, "हा पांढरा केस कवा आला?"

दिसली! मिशी दिसली! पांढऱ्या केसासकट दिसली! आईनं गुपचूप बॅग माळ्यावर चढवली. मी विनोदकडे पळाले, पुरणपोळीचा डबा घेऊन, आणि पंक्चरच्या टबाशी उभं राहून माफी मागितली. त्यानं पोळी खाल्ली आणि खिशातून तो पांढरा रुमाल काढून तोंड पुसलं, माझ्याकडे बघत. बरोबर आहे त्याचं.

पण खरी गंमत तोरणाखाली. बैलांची रांग लागलेली, झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, आणि रांगेच्या टोकाला बोनट परत चढवलेला आमचा ट्रॅक्टर. गर्दी ट्रॅक्टरभोवती. आणि माणसं कशी, तर हात पाठीमागे बांधून! बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मनकर्णाकाकू तर पदरात हात गुंडाळून बघत होत्या. एवढ्यात देवमनकाकांचा बैल पुढे आला, मोठा पांढराशुभ्र, रंगीत शिंगांचा, आणि बोनटसमोर येऊन थबकला. समोरून त्याच्यासारखाच एक बैल त्याच्याकडे रोखून बघत होता. यानं मान खाली केली, त्यानंही केली. यानं फुसकारा टाकला, पायानं माती उकरली. देवमनकाका कासरा ओढताहेत, बैल हलायला तयार नाही, आणि माझं काय झालं असेल सांगा… भीती वाटली म्हणू का अभिमान? चेन्नईच्या कारखान्यात तपासायला यंत्रं होती, दिवे होते, साहेब होते. पण कुठल्या साहेबानं गाडीत स्वतःला पाहून शिंगं रोखली होती? बैलाला पटलं होतं!

आणि मधे बाबा. दोन्ही हात पसरून बोनट पाठीशी घालून उभे, बैलाच्या शिंगांसमोर, टोपी वाकडी. "देवमन, बैल मांगं घे. रंग ओला हाये."

रंग केव्हाच वाळला होता. पण मी कशाला बोलू?

पोळा फुटला, बैल घरोघरी गेले, आणि आमच्या दारात रांग. देवमनकाकांना बैलगाडीची चाकं रंगवून पाहिजेत. मनकर्णाकाकूंना आलमारी, तशीच पाहिजे, पेटीसारखी. गल्लीतल्या धम्मदीपाच्या घरून शिवणयंत्र आलं. कुणाचं फाटक, कुणाचा झुला. कंपनीला मी फोन करून नकार कळवला, आणि बाबांनी व्यापाऱ्याला. शेड तुहं म्हणाले होते, शब्दाला पक्का माणूस. चावी माझ्या हातावर ठेवली, सगळ्यांसमोर.

मी चावी घेऊन शेडशी गेले. दार उघडलं. आत ट्रॅक्टर. मी म्हटलं, बाबा, हा बाहेर काढा ना, मला काम सुरू करायचंय. तर ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी घरच्या माणसाला रात्री अंगणात झोपायला सांगितलं.

"इतका चांगला रंग अन् बाहेर उभा करू? ऊन लागन, पाऊस लागन, कोनीबी येऊन हात लावन. शेड तुहंच हाये, मी कुठी नाई म्हनतो. पन तू बाहेर कर ना काम. तुले त जमते कुठीबी."

तर पत्ता लिहून घ्या. मेडशी, बसस्टँडच्या मागे, कडुनिंबाच्या झाडाखाली. रंग अगदी काचेसारखा देते, फक्त वारा आला की जरा थांबावं लागतं, निंबोळ्या पडतात. शेड आहे हो, माझ्याच नावावर आहे, चावीही माझ्याच कमरेला असते. आत ट्रॅक्टर राहतो.